निळी रेघ

दर सोमवारी सकाळी मी फोन लावते आणि विचारते, "किती गेली?" पलीकडून कुणी "कोण?" असं विचारत नाही. मी डुकरांची चौकशी करतेय आणि गेली म्हणजे मेली, हे सगळ्यांना पाठ आहे. या कामावरून आमच्या भागात मला यमाची कारकून म्हणतात. तोंडावर म्हणतात. मी रागावत नाही, कारण म्हणणारे मला चहा पाजूनच म्हणतात.

काम पशुवैद्यकीय कचेरीचं. आईचं दूध सुटल्यापासून विक्रीच्या वजनाला येईपर्यंतची जी वाढीची डुकरं असतात, त्यांच्यातलं एखाददुसरं अधूनमधून मरतंच. कुणाच्या छातीत कफ भरतो, कुणाचं पोट फुगतं, कुणी मारामारीत जातं. हे झालं नेहमीचं मरण. पण एखाद्या शेडमध्ये अचानक जास्त मेली, किंवा कधी न पाहिलेल्या तऱ्हेने मेली, तर मी डॉक्टरांना कळवायचं आणि त्यांनी धावत जायचं. नेहमीचं मरण कुठलं आणि नवलाचं कुठलं, हे धान्यातल्या खड्यांसारखं निवडून काढायचं, एवढीच माझी नोकरी.

एक नियम मात्र होता. आजारी कप्पा मोजायचा नाही. प्रत्येक शेडच्या टोकाला एक वेगळा कप्पा असतो. जे पिल्लू खात नाही, लंगडतं, बाकीच्यांच्या मागे पडतं, ते उचलून तिथे ठेवतात. तिथली निम्मी मरणारच असतात. ती मोजली तर डॉक्टरांना दर आठवड्याला उगाच हेलपाटे, म्हणून आधीच्या डॉक्टरांनी तो नियम घातला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही तो शहाणपणाचा वाटला होता. आता त्या नियमाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

आमच्या भागातला सगळ्यात मोठा आजारी कप्पा माझ्या दादाचा. कप्पा कसला, खोलीच ती. शेडपासून लांब, अंगणाच्या पार कडेला. भिंतींना पांढरा चुना, खाली जाड पेंढा, उबेसाठी खाली लोंबणारा दिवा, आणि एक हात तुटलेली खुर्ची. त्या खुर्चीत दादा बसायचा, पिल्लाचं डोकं मांडीवर घ्यायचा आणि लाकडी पळीने पातळ पेज भरवायचा. "घे राजा, एक घास घे. बघू तरी कोण हटतं, तू का मी."

हे शब्द माझ्या ओळखीचे. आईवडील लवकर गेले, मला दादानेच वाढवलं. मला ताप आला की तो अगदी असाच, याच पळीने भरवायचा आणि राजाच म्हणायचा. पुढे मी लग्न मोडून परत आले, तेव्हा त्याने एक शब्द विचारला नाही. मागची खोली झाडली, खिडकीची कडी बसवून दिली आणि कामाला निघून गेला. वहिनीने मात्र खोदून खोदून सगळं विचारलं, आणि तेही बरंच झालं.

"मला ताप आला तर म्हणतात, पडून राहा," वहिनी सगळ्यांना ऐकवायची. "डुक्कर शिंकलं तर हे उशाशी जाऊन बसतात. पुढच्या जन्मी मी शेपूट घेऊनच येते."

दादा हसायचा. त्याला मूल नव्हतं आणि त्याबद्दल तो कधी बोलला नाही. बोलायचा तो फक्त त्या खोलीत.

त्याच्या हाताला गुण होता हे खरं. दुसऱ्या कुणी केव्हाच सोडून दिली असती अशी पिल्लं त्या खोलीतून चालत बाहेर यायची. बातमी पसरली आणि लोक आपापली आजारी पिल्लं घेऊन येऊ लागले. पोत्यात घालायची, स्कूटरवर पुढे ठेवायची, फक्त नाक बाहेर. दादा कुणाला नाही म्हणायचा नाही. पिल्लू बरं झालं की जखमेवर मारायच्या निळ्या औषधाची एक रेघ त्याच्या पाठीवर ओढायचा, मानेपासून शेपटापर्यंत, आणि मालकाला निरोप धाडायचा की तुमचं पोर घेऊन जा. निळ्या रेघेचं डुक्कर म्हणजे मरणाला हुलकावणी देऊन आलेलं. कालव्यापलीकडे एकटीने शेड चालवणाऱ्या आत्याबाई तर ती रेघ पुसट झाली की स्वतःच्या हाताने पुन्हा रंगवायच्या. त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या, पण सगळे त्यांना आत्याबाईच म्हणायचे.

सोमवारी मी दादालाही फोन करायचे. तो अंगणाच्या पलीकडे शेडमध्ये, मी इकडे खिडकीशी. हाक मारली तरी ऐकू गेली असती. पण त्याला फोनच हवा असायचा. तो घसा साफ करून साहेबी आवाजात सांगायचा, "कारकूनबाई, आमच्याकडे शून्य. सगळी मंडळी खुशाल. तुमचा मात्र घसा बसलेला दिसतो, गरम पाणी प्या."

त्या मोसमात सगळीकडेच शून्य येत होतं. दोन-तीन महिने माझे सोमवार इतके निवांत गेले की मला माझ्याच पगाराची लाज वाटायला लागली. आमचा भाग सगळ्यात निरोगी ठरला. वरून शाबासकी आली. नव्या डॉक्टर तरुण होत्या, बारीक चणीच्या, बोलायला तुटक. त्याही त्या दिवशी हसल्या आणि त्यांनी कचेरीत पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली.

मग तासभरचा फोन आला. याचं खरं नाव लोक विसरले आहेत. कुठेही बोलवा, "तासाभरात आलोच" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी उगवतो, म्हणून तासभर. त्या दिवशी सोमवार नव्हता. तो म्हणाला, "आत्ता या. आत्ताच्या आत्ता." त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मी तशीच डॉक्टरांना घेऊन निघाले.

आम्ही दारात पांढरे अंगरखे चढवले, रबरी बूट घातले, जंतुनाशकाच्या टाकीतून पाय काढले आणि आत गेलो. जी जिवंत होती ती एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडली होती आणि कुडकुडत होती. मेलेल्यांचे कान जांभळे पडले होते. पोटावरही तसेच डाग. तासभर भिंतीला टेकून उभा होता. "काल खात होती हो," एवढंच म्हणत होता. "काल गव्हाण चाटूनपुसून खाल्ली."

डॉक्टरांनी नमुने घेतले आणि त्याला प्रश्न विचारले. नवीन जनावरं आणली का? नाही. कुणाला दिली का? नाही. हॉटेलातलं खरकटं घातलं का? नाही. बाहेरची गाडी आत आली का? नाही. तो आयुष्यात पहिल्यांदाच सरळ उत्तरं देत होता आणि मी शपथेवर सांगते, एकही खोटं नव्हतं.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. डुकरांचा ताप. याला औषध नाही. आजारी असोत वा धडधाकट, सगळी मारायची, चुना टाकून पुरायची. माणसाला तो होत नाही, असं डॉक्टर प्रत्येक ठिकाणी सांगायच्या. मला दर वेळी वाटायचं, होत नाही कसा, या तासभरकडे बघा ना एकदा.

मग दुसरी शेड पडली, ओढ्याजवळच्यांची, मग तिसरी. डॉक्टरांच्या भिंतीवर नकाशा होता, त्यावर त्या लाल टाचण्या टोचायच्या आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहायच्या. टाचण्या रस्त्याच्या कडेने जात नव्हत्या, ओढ्याच्या कडेनेही नाही. खाद्याची गाडी ज्या क्रमाने फिरते तो क्रमही जुळत नव्हता. "हा काय उडत येतोय?" त्या एकदा वैतागून म्हणाल्या.

गाडीत त्यांनी मला समजावून सांगितलं. हा ताप बहुतेकांना झपाट्याने मारतो. काहींना मात्र हळू झिजवतो. अशी जनावरं नुसती वाळतात, मध्येच सावरतात, खायला लागतात, बरी झाल्यासारखी दिसतात, पण रोग आत घेऊन फिरतात. "असं एखादं जनावर कुठेतरी आहे, ताई. ते माझ्या हाताला लागत नाहीये. ते सापडेपर्यंत आपण फक्त खड्डे खणत बसणार."

चौथी शेड मास्तरांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी डुकरं पाळली होती आणि प्रत्येकाची हजेरी घ्यायचे म्हणून लोक हसायचे. खड्डा त्यांच्याच कुंपणाशी खणला होता. डॉक्टर हात धूत होत्या. मी काठाशी उभी होते आणि खाली ढिगात मला पाठीवरची निळी रेघ दिसली. तासभरच्या खड्ड्यातही दिसली होती. तेव्हा मी मान फिरवली होती, कारण दादाला किती वाईट वाटेल एवढंच डोक्यात आलं होतं.

"मास्तर, पहिलं कुठलं गेलं?" मी विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं. "तेच, रेघेचं. तुमच्या दादाने वाचवलं होतं. बिचारं एकदा वाचलं आणि मग सगळ्यांच्या आधी गेलं. काय म्हणायचं याला?"

मी कुंपणापलीकडे जाऊन तासभरला फोन केला. पहिलं कुठलं गेलं होतं रे? तो म्हणाला, "आजारी कप्प्यातून आलेलं. म्हणजे दादाकडून. निळी रेघ. का गं?" काही नाही, म्हटलं आणि फोन ठेवला. अंगरख्याची गाठ सोडत तिथेच उभी राहिले.

कुणी कुणाला फसवलं नव्हतं. जनावरं आणली-नेली का, असं डॉक्टर विचारत होत्या. जनावरं म्हणजे विकायची, लॉरीतून जाणारी. पोत्यात घालून दादाकडे नेलेलं मरतुकडं पिल्लू म्हणजे ने-आण, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. तासभरची आधी मेली नाहीत, कारण वाळायला लागली की ती दादाकडे जायची. दादाकडे मेली ती खोलीत मेली, आणि खोली मोजायची नाही. माझं ते सगळं शून्य त्या खोलीत जाऊन पडत होतं. जी मेली नाहीत, त्यांना माझ्या भावाने आपल्या हाताने भरवून, पाठीवर रेघ ओढून, एकेका शेडमध्ये पाठवून दिलं होतं.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. दादा खोलीत खुर्चीत बसला होता, मांडीवर एक हडकुळं पिल्लू. मी उंबऱ्याशीच थांबले.

"दादा, या खोलीत हल्ली किती गेली?"

"खोलीतली मोजत नाहीत, कारकूनबाई."

"मोजत नाहीत. पण किती?"

पळी हवेतच थांबली. "बरीच गेली गं," तो म्हणाला. "यंदा हाताला यशच नाही. तासभरचं ते काळ्या कानाचं आलं ना, तेव्हापासून बघ. नुसती वाळतात. ताप म्हणावा तर अंग थोडंसंच गरम. कान स्वच्छ. तिकडे लोकांची जांभळी पडून मरतायत, तसलं काही नाही, मी रोज बघतो. तरी मी बूट वेगळे ठेवलेत. खोलीचे वेगळे, शेडचे वेगळे. मध्ये हात धुतो." आणि मग पिल्लाला म्हणाला, "घे राजा."

आमच्या शेडमधली डुकरं खरंच धडधाकट होती. त्याला वाटत होतं, आपण वाचलो.

मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला सांगितलं. ती कणीक मळत होती. मी बोलत होते तोवर ती मळतच राहिली, मग थांबली आणि हात तसाच परातीत ठेवून उभी राहिली.

"ह्यांना सांगू नकोस."

"डॉक्टरांना तर सांगावंच लागेल, वहिनी."

"त्या शिकलेल्या आहेत, शोधतील त्यांचं त्या. तू का सांगायचं? तू?"

"त्या शोधेपर्यंत अजून किती शेड जातील?"

"जाऊ देत!" ती एवढ्या जोरात ओरडली की मी खिडकी लावून घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "डुकरं आहेत ती. मेली तर दुसरी आणतील. मी कुठून आणू दुसरा? सांग ना. त्या खोलीशिवाय काय आहे ह्यांच्याजवळ?"

 वहिनीचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "पोरी, दादाला सांग, त्याने धाडलेलं पोर काय खातंय म्हणून सांगू! सगळ्यांना ढुशा देऊन पुढे घुसतंय. उद्या लॉरी येतेय बघ माझ्याकडे. या खेपेला सगळीच नेतो म्हणालाय खरेदीदार. मोठ्या बाजारात."

आत्याबाईंची शेड कालव्यापलीकडे, रोगामुळे जनावरं हलवायला बंदी घातलेल्या वर्तुळाच्या बाहेर. लॉरीला अडवणारं कुणी नव्हतं. मोठ्या बाजारात दूरदूरची जनावरं एका छपराखाली उभी राहतात आणि तिथून सगळ्या दिशांना जातात. मी "बरं" म्हणाले. आत्याबाई अजून बोलत होत्या, रेघ परवाच पुन्हा रंगवली म्हणून सांगत होत्या.

मी अंगणात येऊन डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे शेडच्या दारात दादा उभा होता. माझ्या कानाला फोन बघून त्याने हात वर केला आणि बोटं हलवून खुणेने विचारलं, किती गेली? आमची नेहमीची थट्टा. मी त्याच्याकडे पाठ केली आणि सांगायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोत्यातून?"

"पोत्यातून."

"मी प्रत्येकाला विचारलं होतं, ताई."

"ते खोटं नाही बोलले हो. तुम्ही जनावरांचं विचारलंत. ही आजारी पिल्लं होती."

"निघालेच," त्या म्हणाल्या. "आत्याबाईंची लॉरी मी थांबवते. भावाला तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मीच सांगितलं. त्यांच्या गाडीची वाट बघत बसायची माझी हिंमत नव्हती. मी खोलीत गेले, उंबरा ओलांडला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. पोतं, आजारी कप्पा, रेघ, पहिलं कोण मेलं, सगळं.  वाटीत थोडी पेज उरली होती, ती त्याने पिल्लाला भरवून संपवली.

मग विचारलं, "मास्तरांचं?"

"हो."

"ओढ्याजवळच्यांचं? ते लंगडं?"

"हो, दादा."

"आत्याबाईंचं तर खातंय."

"हो. खातंय."

तो उठला, बाहेर नळाशी गेला आणि पळी धुवायला लागला. ती स्वच्छ झाल्यावरही धूतच राहिला. "मी बूट वेगळे ठेवले होते," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाला, जणू मी विश्वास ठेवत नव्हते, "अगं, खरंच वेगळे ठेवले होते."

त्याच दुपारी पांढऱ्या अंगरख्यातली माणसं आली. आमची शेड धडधाकट असली तरी खोलीत रोग निघाल्यावर तिला सोडता येत नव्हतं. शेडमधली त्यांनी बाहेर काढली. खोलीतली मात्र त्यांच्याने उचलवेनात, ओढली तर किंचाळायची. शेवटी दादाच आत गेला. एकेकाला उचलून छातीशी धरून बाहेर आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. पिल्लं त्याच्याकडे गप्प राहत होती. वहिनीने घराची सगळी दारं-खिडक्या लावल्या आणि आतून भांडी घासल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. नंतर मी पाहिलं, तर ती आधीच घासून ठेवलेली भांडी होती.

आत्याबाईंचीही मारली. रेघेच्या पिल्लात रोग निघाला आणि त्याच्याबरोबरच्या कप्प्यातही. दोन दिवसांनी त्या काठी टेकत आमच्या दारात आल्या. आम्हाला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार, आणि मला खरंच तो हवा होता. पण त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला. "तू काय करणार रे बाबा, तू तर चांगलंच करायला गेलास." दादाने मान अशी काढून घेतली, जणू कुणी चटका दिला. शिव्या त्याने उभ्याने झेलल्या असत्या. हे त्याला झेपलं नाही.

डॉक्टर शेवटच्या वेळी आल्या तेव्हा फाटकाशीच थांबून माझ्याशी बोलल्या. ती लॉरी बाजारात पोहोचली असती तर किती भाग गेले असते याचा हिशोबच नाही, म्हणाल्या. "तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून तो बाजारापलीकडे गेला नाही. हे लक्षात ठेवा."

"बाजारापलीकडे कोण राहतं मला माहीत नाही," मी म्हटलं. "अलीकडे माझा भाऊ राहतो."

 बाईचा काही दोष नव्हता, पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं. जाताना सांगून गेल्या की नियम बदललाय. यापुढे आजारी कप्पाही मोजायचा. मी म्हटलं, मोजते. मोजायला आता होतं कोण?

दादा दिवसचे दिवस बोलत नव्हता. जेवायला बोलावलं की यायचा, दोन घास खायचा, उठायचा. तासभर आला, या वेळी खरंच तासाभरात आला आणि बराच वेळ त्याच्याजवळ नुसता बसून गेला. वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलं नाही, पण माझ्याकडे बघणं टाकलं. ताट वाढताना ती माझ्या हाताकडे बघायची.

मग सोमवार आला. मी सवयीने खिडकीशी जाऊन बसले. रेघेचं पिल्लू गेलेल्या सगळ्या शेड तोवर रिकाम्या झाल्या होत्या; फोन करायला एकही उरली नव्हती. अंगणात उन्हं आली होती, शेडची दारं सताड उघडी होती आणि सगळीकडे चुन्याचा वास होता. बसल्या बसल्या फोन वाजला. दादाचा होता. तो पलीकडे त्या खोलीत, त्या तुटक्या खुर्चीत बसला होता. उघड्या दारातून मला त्याचे गुडघे दिसत होते.

"विचार," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"सोमवार आहे ना आज? विचार."

"दादा, वहिनीने चहा टाकलाय. ये ना इकडे."

"विचार गं."

 मी म्हटलं, "किती गेली?"

मला वाटलं आता तो खोलीत मेलेली एकेक करून सांगेल. नवा नियम त्याच्या कानावर गेला होताच. मी म्हटलंही, "सांग, आता खोलीतलीही मोजतात."

"मेलेली राहू देत," तो म्हणाला. "ती इथेच मेली, त्यांनी कुणाचं काही केलं नाही. बरी झालेली लिही."

आणि तो सांगायला लागला. तासभरचं काळ्या कानाचं, जे आधी पाणीसुद्धा प्यायचं नाही. मास्तरांचं एका डोळ्याने बघणारं. ओढ्याजवळच्यांचं लंगडं, ज्याचा पाय त्याने रोज शेकला होता. आत्याबाईंचं, जे पळी चावायचं. कुठल्या दिवशी कोण उभं राहिलं, कोण कितव्या घासाला आपणहून तोंड उघडून बसलं, रेघ ओढताना कोण हललं आणि रेघ वाकडी आली, एकूण एक त्याला आठवत होतं. आवाज अगदी साधा होता. साहेबी थाट नाही, घसा साफ करणं नाही. "लिहितेयस ना?" तो मध्ये मध्ये विचारायचा. मी हो म्हणत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कागदावर एक अक्षर नव्हतं.

सगळी सांगून झाली.  मग म्हणाला, "आणि ऐक."

"बोल ना दादा."

"तुला कधी बरं नसलं ना, तर माझ्याकडे येऊ नकोस."

आणि त्याने फोन ठेवला.